सॅन वानची शीव

सॅन वान बेटाच्या दक्षिण टोकाला फरच्या झाडांचं दाट रान एकाएकी थांबतं आणि तिथून समुद्राच्या कड्यापर्यंत मोकळं कुरण पसरतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याचा हा वायव्य कोपरा एरवी पावसाचा. पण या बेटांच्या नैर्ऋत्येला ऑलिम्पिक पर्वत उभा आहे आणि महासागरावरून येणारे ढग त्याच्या माथ्यावरच रिते होतात. सह्याद्री ओलांडल्यावर माण-खटावला जे होतं, तेच इथे होतं. तरीही हे कुरण केवळ कमी पावसामुळे राहिलेलं नव्हतं. इथल्या मूळनिवासी कोस्ट सेलिश समाजातल्या बायका इथे कॅमस नावाचे कंद काढत. ठरावीक काळाने त्या गवत पेटवून देत, म्हणजे झुडपं आणि झाडांची रोपं मागे हटत आणि कंदाला ऊन मिळे. पिढ्यानपिढ्या राखलेली ही जमीन होती. पहिल्यांदा बोटीतून उतरलेल्या गोऱ्या माणसाला मात्र ते आयतं, बेवारस चराऊ रान वाटलं. पुढच्या साऱ्या कहाणीचं मूळ मला या गैरसमजात दिसतं.

व्हँकुव्हर बेट आणि अमेरिकेचा मुख्य किनारा यांच्यामध्ये हा द्वीपसमूह आहे. नाव असलेली बेटं आणि खडकच मोजले तरी पावणेदोनशेच्या आसपास भरतात. वस्तीची मोठी बेटं चार: सॅन वान, ऑर्कस, लोपेझ आणि शॉ. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथला खडक घासून गुळगुळीत केला, दऱ्या खोल कोरल्या आणि बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला. ऑर्कसवरचा माउंट कॉन्स्टिट्यूशन सुमारे ७३० मीटर उंच आहे. त्यावरून पाहिलं की बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांची शिखरं, हे सांगावं लागत नाही. पश्चिमेला हारो सामुद्रधुनी, पूर्वेला रोझारिओ. ही दोन नावं लक्षात ठेवायला हवीत, कारण दोन साम्राज्यं त्यांच्यावरून हमरीतुमरीवर आली.

उन्हाळ्यात फ्रेझर नदीकडे परतणाऱ्या सामन माशांचे थवे याच पाण्यातून जातात. त्यांना पकडण्याची सेलिश लोकांची रीत विलक्षण हुशारीची होती. दोन लांब होड्या समांतर नांगरून मधे जाळं सोडायचं आणि जाळ्याच्या तोंडाशी तिरपे दोर लावून त्यात गवताच्या काड्या गुंफायच्या. माशांना वाटे, समुद्राचा तळच वर चढतो आहे. ते तळाच्या अंदाजाने वर येत आणि जाळ्यावर पोचत. होडीत उभा राहून पाण्यावर नजर ठेवणारा म्होरक्या इशारा करी आणि जाळं उचललं जाई. प्रत्येक जागा कुठल्या तरी घराण्याच्या वहिवाटीची असे आणि वारसाने पुढे जाई. कागदावर नसली तरी मालकी होती आणि शेजारच्या गावांना ती मान्य होती.

१५ जून १८४६ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने ओरेगॉन तह केला. रॉकी पर्वतापासून पश्चिमेला ४९ व्या अक्षांशावरून सीमा न्यायची, समुद्राशी आल्यावर व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांना वेगळं करणाऱ्या सामुद्रधुनीच्या मधोमध ती दक्षिणेला वळवायची आणि पुढे महासागरात सोडायची, असं ठरलं. तह करणाऱ्यांपुढे चांगला नकाशा नव्हता. तिथे एक सामुद्रधुनी नसून अनेक आहेत, ही गोष्ट मसुद्यात उतरलीच नाही. ब्रिटिश म्हणाले, तहातली सामुद्रधुनी म्हणजे रोझारिओ. म्हणजे सगळी बेटं आमची. अमेरिकन म्हणाले, हारो, म्हणजे आमची.

कागदावर हा वाद चालू असतानाच हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीने ताबा घ्यायला सुरुवात केली. १८५१ मध्ये कंपनीने बेटावर सामन खारवण्याचं ठाणं उभारलं. डिसेंबर १८५३ मध्ये ‘बीव्हर’ या वाफेच्या बोटीतून तेराशेहून अधिक मेंढ्या दक्षिणेच्या त्या कुरणावर उतरवल्या. बेल व्ह्यू शीप फार्म असं त्या ठिकाणाचं नाव, चार्ल्स ग्रिफिन हा तिथला कारभारी. मेंढ्या राखायला जे लोक आणले, त्यांत बरेच हवाई बेटांवरचे होते. प्रशांत महासागरातल्या व्यापारात कंपनी त्यांना होनोलुलूहून करारावर घेई. त्या काळी त्यांना ‘कनाका’ म्हणत. त्यांच्यातल्याच एकाचं नाव फ्रायडे. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आडोशाच्या बंदराजवळ या घराण्याचा मेंढ्यांचा तळ होता. ते बंदर आजही फ्रायडे हार्बर म्हणून ओळखलं जातं.

अमेरिकन बाजूनेही हक्क बजावणं सुरू झालं, तेही कर वसुलीने. समोरच्या किनाऱ्यावरच्या व्हॉटकम कौंटीने कंपनीवर कर बसवला. कंपनीने तो नाकारला. मग १८५५ मध्ये तिथला शेरीफ माणसं घेऊन आला आणि पैदाशीचे चौतीस एडके लिलावात काढून घेऊन गेला. १८५८ मध्ये फ्रेझर नदीत सोनं सापडल्याची बातमी पसरली, हजारो लोक कॅलिफोर्नियातून वर आले आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. त्यांतले काही जण १८५९ च्या वसंतापर्यंत सॅन वानवर येऊन, कंपनीच्या कुरणातच, अमेरिकन हद्द समजून जमिनी आखून बसले. होते जेमतेम दीड डझन.

त्यांच्यापैकी लायमन कटलरने बटाटे लावले होते. १५ जून १८५९ रोजी, तहाला बरोबर तेरा वर्षं झाली त्या दिवशी, कंपनीचं एक डुक्कर पुन्हा त्या वाफ्यात शिरलं आणि कटलरने त्याला गोळी घातली. नंतर तो स्वतःच ग्रिफिनकडे गेला आणि भरपाई देऊ केली. त्याचा दहा डॉलरचा भाव ग्रिफिनला पटला नाही. त्याने शंभर मागितले. प्रकरण कटलरला अटक करून व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात नेण्याच्या धमकीपर्यंत गेलं. बांधावरच्या भांडणात दोन घरं बोलायची थांबतात, इथे मात्र दोन्ही घरांमागे सैन्य होतं.

अमेरिकन सैन्याचा त्या विभागातला प्रमुख जनरल विल्यम हार्नी हा तापट आणि इंग्रजांचा द्वेष्टा. रहिवाशांचा अर्ज मिळताच त्याने वरिष्ठांना न विचारता कॅप्टन जॉर्ज पिकेटला सहासष्ट सैनिकांसह बेटावर उतरवलं. तारीख २७ जुलै. व्हँकुव्हर बेटाचा गव्हर्नर जेम्स डग्लस स्वतः कंपनीतून वर आलेला माणूस. त्याने कॅप्टन जेफ्री हॉर्नबीला ‘ट्रिब्यून’ ही युद्धनौका घेऊन पाठवलं. मागोमाग आणखी जहाजं आली. ऑगस्ट संपताना बेटावर ४६१ अमेरिकन सैनिक आणि चौदा तोफा होत्या आणि समोर पाच ब्रिटिश जहाजं, सत्तर तोफा, २,१४० माणसं. टेकाडावर मातीचा बुरूज उभा करण्याचं काम हेन्री रॉबर्ट या तरुण इंजिनिअर अधिकाऱ्याकडे होतं. सभा शिस्तीत कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, यावरचं जगभर वापरलं जाणारं ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ हे पुस्तक पुढे १८७६ मध्ये याच माणसाने लिहिलं.

आपल्याकडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिवपुरीला तात्या टोपे यांना फाशी दिली गेली होती. कानपूर, झाशी, लखनौ यांची राख अजून गरम होती. ट्रिब्यूनवरचे मरीन चीनमधल्या युद्धावरून नुकतेच इकडे आणले होते. म्हणजे हे साम्राज्य हात आखडून वागणारं मुळीच नव्हतं. म्हणूनच हॉर्नबीचा संयम माझ्या नजरेत भरतो. सैनिक किनाऱ्यावर उतरव, असा डग्लसचा हुकूम असताना त्याने ते उतरवले नाहीत. नौदलाचा वरिष्ठ येईपर्यंत थांबला. तो वरिष्ठ, रिअर ॲडमिरल लॅम्बर्ट बेन्स, ऑगस्टमध्ये आला आणि त्याने हे धोरण उचलून धरलं: एका डुकरापायी दोन मोठ्या राष्ट्रांना लढाईत ओढायचं नाही. गोऱ्या माणसाविरुद्ध गोरा माणूस उभा होता, ही गोष्टही यात होती, हे विसरून चालणार नाही. तरीही तोफेला बत्ती लावणं सोपं असताना ती न लावणाऱ्या अधिकाऱ्यांचं श्रेय मी कमी करणार नाही.

त्या आठवड्यांत बेटावर काय चाललं होतं, हे वाचताना नवल वाटतं. ब्रिटिश जहाजं सरावासाठी किनाऱ्याच्या कड्यांवर गोळे सोडत होती, अमेरिकन खंदक खणत होते आणि व्हिक्टोरियाहून हौशी लोक बोटी भरभरून हे पाहायला येत होते. रविवारी दोन्हीकडचे अधिकारी ‘सॅटेलाइट’ या ब्रिटिश जहाजावर एकत्र प्रार्थनेला बसत आणि संध्याकाळी ग्रिफिनच्या घरी व्हिस्की आणि चिरूट. वॉशिंग्टन शहरात ही बातमी पोचायलाच सहा आठवडे लागले. अध्यक्ष ब्यूकॅनन हादरले. त्यांनी सैन्याचे सर्वोच्च अधिकारी, वृद्ध विनफिल्ड स्कॉट यांना समुद्रमार्गे पाठवलं. स्कॉट आणि डग्लस यांच्या पत्रव्यवहारातून तोडगा निघाला: वादाचा निकाल लागेपर्यंत दोघांनीही बेटावर फार तर शंभर-शंभर सैनिक ठेवायचे.

मार्च १८६० मध्ये कॅप्टन जॉर्ज बॅझलगेटच्या हाताखालचे मरीन बेटाच्या वायव्येला, गॅरिसन बे या शांत उपसागराशी उतरले. अमेरिकन तळ दक्षिणेच्या वाऱ्याच्या कुरणावर. दोघांत सुमारे वीस किलोमीटरचं अंतर. मरीनांच्या तळाचं, म्हणजे इंग्लिश कॅम्पचं, कवायतीचं मैदान ज्या सपाटीवर आखलं गेलं, ती सपाटी म्हणजे सेलिश लोकांनी हजारो वर्षं खाल्लेल्या शिंपल्यांचा थर. ते मोकळं रान नव्हतं, ते एक गाव होतं.

तिथून पुढची बारा वर्षं मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटतात, आणि बहुतेक पुस्तकांत ती दोन परिच्छेदांत उरकलेली असतात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. पिकेट सैन्य सोडून दक्षिणेच्या बाजूने गेला आणि १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या चढाईत त्याची तुकडी कापली गेली. इकडे सॅन वानवर चार जुलैला अमेरिकन छावणीत इंग्रज जेवायला येत आणि २४ मे रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाला, इंग्लिश कॅम्पवर अमेरिकन आणि आजूबाजूचे शेतकरी शर्यतींना जमत. कंपनीच्या धक्क्याजवळ सॅन वान टाउन नावाची एक बेशिस्त वस्ती वाढली. तिथे दारूच्या गुत्त्यांना ऊत आला, कारण कुठल्याही देशाचं दिवाणी न्यायालय तिथे ठामपणे चालत नव्हतं. चोरट्या दारूविक्रेत्यांना हुसकावताना दोन्ही छावण्यांचे प्रमुख एकमेकांना मदत करत. शिपाई बुडून किंवा अपघातात मेले, तर त्यांना पुरायला सगळे जमत; इंग्लिश कॅम्पजवळच्या यंग हिल टेकडीच्या उतारावरची मरीनांची लहानशी दफनभूमी आजही आहे. हद्द कुणाची हे ठरलं नव्हतं आणि माणसं शेजाऱ्यासारखी राहत होती.

अखेर १८७१ च्या वॉशिंग्टन तहात हा प्रश्न जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म यांच्याकडे लवादासाठी सोपवला. लवादाचे हात मात्र बांधलेले होते: हारो की रोझारिओ, एवढंच सांगायचं. बेटं दोघांत वाटणारी मधली वाट ब्रिटनने पूर्वी सुचवली होती; ती पर्यायांतच नव्हती. बर्लिनमध्ये अमेरिकेची बाजू मांडली इतिहासकार आणि मुत्सद्दी जॉर्ज बँक्रॉफ्ट यांनी. ब्रिटनची मांडली ॲडमिरल जेम्स प्रीव्हो यांनी, जे १८५९ मध्ये ‘सॅटेलाइट’चे कप्तान होते. भूगोलतज्ज्ञ हाइनरिख कीपर्ट आणि दोन न्यायपंडित यांनी कागद तपासले. २१ ऑक्टोबर १८७२ रोजी सम्राटांनी हारोच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबरात मरीन निघून गेले.

‘या युद्धात फक्त एक डुक्कर मेलं,’ हे वाक्य आता सॅन वानच्या माहितीफलकांवर आणि पर्यटकांच्या तोंडी कायम असतं. शांततेचा अभिमान म्हणून ते ठीक. पण शीव आखल्यावर कोण आत राहिलं आणि कोण बाहेर गेलं, याचा हिशेब त्यात येत नाही.

बेटं अमेरिकेची झाली, म्हणजे अमेरिकेचा नागरिकत्वाचा कायदाही आला. १७९० पासून परदेशी माणसाला नागरिक होण्यासाठी ‘गोरा’ असणं आवश्यक होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, बाकीचे बाहेरच. नागरिक झाल्याशिवाय किंवा तसा अर्ज केल्याशिवाय सरकारी जमिनीवर हक्क सांगता येत नसे. इंग्लंड-आयर्लंडहून आलेल्या शेतकऱ्याने शपथ घेतली की जमीन त्याच्या नावावर. त्याच्या आधीपासून त्याच कुरणात मेंढ्या वळणाऱ्या हवाईच्या माणसाला ती वाट नव्हती. मग अनेक हवाई कुटुंबं हारो सामुद्रधुनी ओलांडून कॅनडाच्या सॉल्ट स्प्रिंग बेटावर गेली, जिथे त्यांना जमीन मिळत होती. तिथल्या फुलफर्ड हार्बरला १८८० च्या दशकात उभं राहिलेलं सेंट पॉल चर्च या लोकांच्याच श्रमाचं आहे.

सेलिश लोकांचं तर या वादात कुणी नावही घेतलं नव्हतं. जानेवारी १८५५ मधल्या पॉइंट इलियट तहाने त्यांच्याकडून ही भूमी लिहून घेतली होती आणि त्यांना मुख्य किनाऱ्यावरच्या राखीव क्षेत्रांत जाण्यास सांगितलं होतं. १८६२ मध्ये व्हिक्टोरियाहून पसरलेल्या देवीच्या साथीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पाडली. तरी ते बेटांवरून पूर्ण गेले नाहीत. सुरुवातीच्या कितीतरी गोऱ्या शेतकऱ्यांच्या बायका सेलिश होत्या. घर, गुरं, मासे, कंद, औषध हे सगळं त्यांना ठाऊक होतं, नवऱ्यांना नव्हतं. बेटांवरच्या जुन्या शेतवाड्या या बायकांच्या जिवावर उभ्या राहिल्या.

३१ ऑक्टोबर १८७३ रोजी सॅन वान कौंटी स्थापन झाली. गुत्त्यांच्या सॅन वान टाउनला कचेरी नको, म्हणून एडवर्ड वॉरबास या पहिल्या कौंटी ऑडिटरने फ्रायडे हार्बरच्या किनाऱ्यावर ती नेली. बरीच वर्षं तिथे कचेरीशिवाय फारसं काही नव्हतं. १८९० मध्ये सॅन वान टाउन जळालं आणि मग गाव इकडे सरकलं. ज्याच्या लोकांना इथे जमीन मिळू शकली नाही, त्याच्या नावाचं गाव कौंटीचं मुख्य ठिकाण झालं, आणि पूर्ण कौंटीत रीतसर नगरपालिका असलेलं आजही तेवढंच एक गाव आहे.

पुढची साठ-सत्तर वर्षं बेटांनी दोन-चार धंदे करून पाहिले. रोश हार्बरला जॉन मॅकमिलिनने १८८६ मध्ये चुनाभट्ट्यांचा मोठा कारखाना उभारला. गाव कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगारही कंपनीच्या कुपनांत. कामगारांत जपानी बरेच होते. भट्ट्यांना दिवसरात्र लाकूड लागे आणि आसपासचं जुनं रान त्यांत गेलं. ऑर्कसवर सफरचंद, पेअर आणि आलुबुखाराच्या बागा बहरल्या. फळांच्या पेट्या वाफेच्या बोटींतून शहरांत जात. मग राज्याच्या पूर्वेकडच्या, पर्वतापलीकडच्या कोरड्या खोऱ्यांत कालवे आणि रेल्वे पोचली आणि बेटाच्या फळाला भाव उरला नाही. सामन डब्यात भरणारे कारखाने निघाले. त्यांना मासा पुरवणारे मोठे खांबांचे सापळे १८९० च्या दशकात सेलिश घराण्यांच्या जागांच्या वाटेतच ठोकले गेले. १९३४ मध्ये राज्यातल्या मतदारांनी हे सापळे बंद पाडले. तहाने राखून ठेवलेला मासेमारीचा हक्क मात्र खऱ्या अर्थाने हाती यायला १९७४ उजाडावं लागलं. न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की तह करणाऱ्या जमातींचा वाटा मासळीच्या निम्म्यापर्यंत आहे. त्या निकालाने दोन्ही बाजूंच्या कोळ्यांत फार कटुता आली. पण १८५५ च्या कागदावरचा शब्द एकशे एकोणीस वर्षांनी का होईना पाळला गेला.

आजचं बेटांवरचं जगणं फेरीबोटीच्या वेळापत्रकावर चालतं. १९५१ पासून ती राज्य सरकारची आहे आणि चारच बेटांना थांबते. बाकीच्यांनी स्वतःची होडी किंवा लहान विमान पाहावं. फेरी रद्द झाली की शाळेचा सामना, डॉक्टरची भेट, गवताचा ट्रक सगळं खोळंबतं. शॉ बेटाचा धक्का कित्येक वर्षं फ्रान्सिस्कन जोगिणींनी चालवला. अंगात झगा, वर चमकतं जाकीट, अशा त्या २००४ पर्यंत गाड्या चढवत-उतरवत होत्या. लोपेझवर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायची रीत आहे, ओळख असो वा नसो. तिथल्या कचराकेंद्रात एक शेड आहे: नको ती वस्तू ठेवा, हवी ती फुकट न्या. पूर्ण कौंटीत रस्त्यावर एकही सिग्नलचा दिवा नाही. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या होती १७,७८८.

आता शीव वेगळ्या तऱ्हेने आखली जाते आहे. सिअॅटलचा आणि कॅलिफोर्नियाचा पैसा बेटांवर आल्यापासून किनाऱ्याची जमीन उन्हाळी बंगल्यांकडे गेली आणि इथे राबणाऱ्या माणसाला भाड्याचं घरसुद्धा मिळेना. बेटांवरच्या लोकांनी यावर जे केलं, त्यात मला छावण्यांच्या त्या बारा वर्षांतलं शेजारपण दिसतं. १९९० मध्ये मतदारांनी कौंटीची लँड बँक मंजूर केली: मालमत्ता विकत घेणाऱ्याकडून किमतीच्या एक टक्का घ्यायचा आणि त्या पैशातून कुरणं, किनारे, जुन्या शेतजमिनी सर्वांसाठी राखायच्या. त्याच्या आदल्याच वर्षी ऑर्कस आणि लोपेझवर जमीन-विश्वस्त संस्था निघाल्या होत्या. त्यांच्याकडे घर कुटुंबाच्या मालकीचं असतं, त्याखालची जमीन संस्थेची. घर विकायचं झालं तर ठरलेल्या मर्यादेतच, म्हणजे पुढच्या शिक्षकाला, सुताराला, फेरीवरच्या कामगारालाही ते घेता येईल. लोपेझच्या संस्थेची पहिली घरं तिथे राहणार असलेल्या कुटुंबांनी स्वतः हाताने, एकमेकांच्या भिंती उभारत बांधली.